बेट्टी सार: 'आंट जेमायमा'च्या अलीकडे आणि पलीकडे

मूळ लेखन

बेट्टी सार यांचा उल्लेख आला की बहुतेक ठिकाणी एकाच कलाकृतीचे छायाचित्र छापले जाते, ते म्हणजे १९७२ सालच्या 'द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा'चे (आंट जेमायमा म्हणजे अमेरिकेत धिरड्यांच्या पिठाच्या खोक्यावर छापली जाणारी हसरी काळी मोलकरीण). ही प्रसिद्धी त्या कामाने कमावलेली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र लोक तिथेच थांबतात आणि मग सार यांची ओळख निषेधाची कला करणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्ती एवढीच उरते. खिडक्यांच्या चौकटी, ताईतांच्या पेट्या, वेदी, मृत आप्तांचे हातमोजे जपणारी कोलाजे आणि बंदूक हाती घेतलेली आंट जेमायमा ही सगळी कामे एकाच विचारातून आलेली आहेत, असे माझे मत आहे. वापरलेली वस्तू आपल्यासोबत तिचा पूर्वेतिहास घेऊन येते, तो पुसायचा नाही, उलट त्या वस्तूला नवे काम नेमून द्यायचे, हा तो विचार. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

सार यांचा जन्म ३० जुलै १९२६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. १९३१ मध्ये वडील वारले. पुढचे बालपण पॅसाडिना येथे गेले, परंतु आजीचे घर वॉट्स या भागात असल्यामुळे तिकडे जाणेयेणे होते. त्या वाटेवर सायमन रोडिया हा इटलीहून आलेला मजूर आपल्या जागेत एकट्याने मनोरे उभारत होता. लोखंडी सळ्या, जाळी आणि सिमेंट यांच्या सांगाड्यावर तो फुटक्या बाटल्या, बशांचे तुकडे, फरशा आणि शिंपले बसवत असे. १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षे हे काम चालले आणि त्यातला सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरपर्यंत गेला. सार यांनी हे मनोरे वाढत असताना पाहिले. मोडक्यातून काही उभे राहू शकते, ही गोष्ट त्यांना कोणत्याही चित्रशाळेआधी तिथे दिसली.

त्यांचे शिक्षण मात्र चित्रकर्तीचे नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून डिझाइनची पदवी घेतली. पुढे काही काळ समाजसेवा खात्यातील नोकरी, कर्टिस टॅन यांच्यासह मीनाकामाच्या दागिन्यांचा व्यवसाय, १९५२ मध्ये मृत्तिकाशिल्पकार रिचर्ड सार यांच्याशी विवाह आणि तीन मुली असे आयुष्य पुढे सरकले. शिक्षिका होण्याच्या हेतूने त्यांनी लाँग बीच येथे पुढील अभ्यास सुरू केला आणि तिथे त्यांची मुद्राचित्रणाशी, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याच्या कलेशी, गाठ पडली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या पुढे होते.

मुद्राचित्रांपासून असेम्ब्लाजपर्यंतचा, म्हणजे सापडलेल्या वस्तू जोडून केलेल्या कलेपर्यंतचा, प्रवास खिडकीतून झाला. १९६६ च्या सुमारास त्यांनी स्वतःची छापचित्रे टाकून दिलेल्या खिडक्यांच्या चौकटींत बसवायला सुरुवात केली. 'मिस्टिक विंडो फॉर लिओ' हे नाव त्यांच्या सिंह राशीवरून आले आहे. १९६७ मध्ये पॅसाडिनाच्या कलासंग्रहालयात त्यांनी जोसेफ कॉर्नेल यांच्या पेट्या पाहिल्या. काचेच्या आड मांडलेल्या लहानसहान वस्तूंमधून संपूर्ण जग उभे करणारा हा न्यूयॉर्कचा कलावंत पाहिल्यावर त्यांच्या कामाला खोली आली, म्हणजे सपाट पृष्ठभागावर चिकटवलेल्या गोष्टींबरोबर घनरूप वस्तूही आल्या.

१९६९ सालची 'ब्लॅक गर्ल्स विंडो' ही माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत महत्त्वाची कलाकृती आहे. खरी लाकडी खिडकी, उंची सुमारे ९० सेंटिमीटर. खालच्या मोठ्या तावदानात एका काळ्या मुलीची आकृती काचेला दोन्ही तळवे टेकवून उभी आहे. चेहऱ्यावर फक्त डोळे आहेत, आणि ते पाहणाऱ्याची जागा बदलली की उघडझाप करतात, कारण त्या जागी कोनानुसार बदलणारे छापील चित्र बसवलेले आहे. तळव्यांवर ग्रहताऱ्यांची चिन्हे आहेत. वर नऊ लहान कप्पे आहेत: चंद्र, तारे, सिंह, कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या जुन्या छद्मशास्त्राचा नकाशा, एका गोऱ्या स्त्रीचे डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरचे जुन्या पद्धतीचे) छायाचित्र, आणि बरोबर मध्यभागी मृत्यूचा सांगाडा. ते छायाचित्र आयरिश वंशाच्या आजीकडे निर्देश करते, आणि मधल्या सांगाड्याचा संबंध लहानपणी पाहिलेल्या वडिलांच्या मृत्यूशी लावला जातो. वंश, नशीब, कुटुंब आणि शोक या चार गोष्टी एका मोडीत निघालेल्या खिडकीत एकत्र आल्या आहेत, आणि त्यांतील कोणतीही वेगळी काढता येत नाही. मुलगी आतून बाहेर पाहते आहे की बाहेरून आत, हेही ठरवता येत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये विस्तारित इमारत खुली करताना याच खिडकीभोवती सार यांचे प्रदर्शन रचले होते.

१९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. सार जुन्या बाजारांतून कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या वस्तू गोळा करत होत्याच: जाड ओठांच्या बाहुल्या, जाहिरातींचे पुठ्ठे, स्वयंपाकघरातील शोभेच्या वस्तू. त्या हत्येनंतर या संग्रहाचे काय करायचे हे त्यांना उमगले. १९७२ मध्ये बर्कलीच्या 'रेनबो साइन' या सांस्कृतिक केंद्रातील प्रदर्शनासाठी त्यांनी आंट जेमायमाची पेटी केली. ती फक्त ३० सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. मधली आकृती ही मुळात स्वयंपाकघरात टाचणवही अडकवण्यासाठी विकली जाणारी हसरी 'मॅमी', म्हणजे गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या दाईची साचेबंद प्रतिमा, होय. सार यांनी तिच्या एका हातात झाडू राहू दिला आणि दुसऱ्या हातात रायफल दिली. वहीच्या जागी रडणारे उजळ बाळ कडेवर घेतलेल्या दुसऱ्या मॅमीचे चित्र आहे आणि त्याच्यापुढे वर उगारलेली काळी मूठ. मागची भिंत धिरड्यांच्या पिठाच्या खोक्यावरील त्याच हसऱ्या चेहऱ्याने भरलेली आहे आणि पायाशी कापूस पसरला आहे. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या आणि विचारवंत अँजेला डेव्हिस यांनी पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीच्या आरंभाचे श्रेय याच कलाकृतीला दिले. १८८९ पासून बाजारात असलेला तो चेहरा उत्पादकांनी मागे घेण्याचे जाहीर केले २०२० मध्ये, म्हणजे या पेटीनंतर ४८ वर्षांनी.

पुढच्या दशकांविषयी प्रतिसादांतून बोलूच.

प्रतिसाद

लेख आवडला, पण एक मूलभूत प्रश्न विचारावासा वाटतो. अपमान करण्यासाठीच घडवलेली बाहुली कलाकृतीत वापरली की ती पुन्हा लोकांच्या नजरेसमोर येते. रायफल दिली तरी चेहरा तोच राहतो. कलासंग्रहालयात येणारा प्रत्येक जण तिचा इतिहास जाणून असेल असे नाही. मग ही प्रतिमा मोडली जाते की तिचे आयुष्य वाढते? सार यांनी स्वतः याच कारणासाठी दुसऱ्या एका कृष्णवर्णीय चित्रकर्तीला विरोध केला होता असे वाचले आहे. त्याविषयी सविस्तर लिहावे.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपण म्हणता ती चित्रकर्ती म्हणजे कारा वॉकर. काळ्या कागदाच्या छायाकृती कापून गुलामगिरीच्या काळातील हिंसक आणि लैंगिक प्रसंग त्या भिंतीवर मांडतात. १९९७ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी त्यांना मॅकआर्थर फाउंडेशनचे पाठ्यवेतन मिळाले, आणि त्याच वर्षी सार यांनी कलावंत, लेखक आणि लोकप्रतिनिधींना दोनशेहून अधिक पत्रे पाठवली. वॉकर यांच्या प्रतिमा गोऱ्या प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आहेत आणि त्या प्रदर्शित होऊ नयेत, असा त्या पत्रांचा रोख होता. कृष्णवर्णीय चित्रकर्ती हॉवर्डिना पिंडेल यांनीही जाहीरपणे वॉकर यांच्यावर टीका केली.

या प्रकरणात मी सार यांच्या बाजूने नाही. कलावंताने दुसऱ्या कलावंताचे काम दाखवू नये अशी मोहीम चालवणे मला पटत नाही, आणि वॉकर यांच्या छायाकृतींमध्ये करमणूक दिसते असेही मला वाटत नाही. तरीही सार यांचा संताप समजण्यासारखा आहे. त्यांच्या लेखी अशी प्रतिमा हाताळण्याची एक अट होती: तिला सुटका मिळाली पाहिजे. वॉकर यांच्या भिंतीवर कोणाचीच सुटका होत नाही, तिथे अत्याचारी आणि पीडित दोघेही त्या प्रसंगात अडकून पडतात. गुलामगिरीकडे पाहण्याच्या या दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या रीती आहेत. १९२६ मध्ये जन्मलेली स्त्री त्या बाहुल्या दुकानात सर्रास विकल्या जात असताना वाढली. वॉकर यांचा जन्म १९६९ चा.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल इतकेच म्हणेन की सार यांनी चेहरा बदलला नाही हे जाणीवपूर्वक आहे. चेहरा सौम्य केला असता तर अपमान कोणी केला होता हेच दिसेनासे झाले असते.

प्रतिसाद

सायमन रोडियाचा उल्लेख केलात हे योग्यच झाले, पण वॉट्सची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ऑगस्ट १९६५ मध्ये तिथे सहा दिवस दंगल पेटली होती आणि ३४ माणसे मेली. नोआ प्युरिफॉय आणि जडसन पॉवेल या कलावंतांनी त्या राखरांगोळीतून सुमारे तीन टन अवशेष गोळा केले. वितळलेल्या निऑन दिव्यांचे गोळे, जळकी लाकडे, वाकलेले पत्रे हेच साहित्य वापरून १९६६ मध्ये 'सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन' हे प्रदर्शन उभे राहिले. प्युरिफॉय हे वॉट्स मनोऱ्यांच्या शेजारी सुरू झालेल्या कलाकेंद्राचे संस्थापक-संचालक होते, म्हणजे रोडियाचा वारसा आणि दंगलीची राख एकाच आवारात भेटली.

त्याच काळात कॅलिफोर्नियात एड कीनहोल्झ, वॉलेस बर्मन, जॉर्ज हर्म्स हे गोरे कलावंतही असेम्ब्लाज करत होते. म्हणून सार यांना एकट्या पडलेल्या प्रतिभावंत म्हणून पाहण्यापेक्षा, ज्या शहरात टाकाऊ वस्तूंची कला जोमात होती त्या शहराच्या रहिवासी म्हणून पाहिले तर त्यांचे वेगळेपण अधिक नेमके कळते. कीनहोल्झ खोलीएवढी दृश्ये उभारत होते. सार मात्र मांडीवर मावेल एवढ्या पेट्यांमध्ये काम करत राहिल्या.

प्रतिसाद

या लहान आकाराविषयी मला थोडे लिहायचे आहे, कारण त्याकडे दुर्लक्ष होते. सार १९६२ पासून लॉरेल कॅन्यनमधील घरी राहिल्या, तिथेच तिन्ही मुली वाढल्या आणि तिथेच काम झाले. साठच्या दशकाच्या शेवटी घटस्फोट झाल्यावर त्यांनी नाट्यसंस्थेसाठी वेशभूषा केली, शिकवण्याही घेतल्या. ज्या स्त्रीचा दिवस असा तुकड्यांनी हाती येतो तिला एका बैठकीत थोडे पुढे नेता येईल, झाकून ठेवता येईल आणि उद्या पुन्हा उघडता येईल असे माध्यम सोयीचे पडते. कोलाज आणि पेटी या दोन्ही गोष्टी ती सवलत देतात. मर्यादेतून आलेला हा आकार पुढे त्यांच्या कलेचे बळ ठरला, कारण पेटीसमोर माणसाला वाकावे लागते आणि जवळ जावे लागते.

माझ्या आवडीची कामे हॅटी यांच्यावरची आहेत. नात्यातल्या, आजीच्या पिढीतील हॅटी या सार यांना आजीच्या जागी होत्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या वारल्या आणि त्यांचे सामान सार यांच्याकडे आले: रुमाल, हातमोजे, लेस, पत्रे, जुनी छायाचित्रे. १९७५ च्या 'रेकॉर्ड फॉर हॅटी'पासून या वस्तूंची कोलाजे आणि पेट्या सुरू झाल्या. इथे घोषणा नाही, शत्रू नाही. आंट जेमायमाच्या प्रतिमेला उत्तर म्हणून खरी काळी स्त्री कशी जगली, काय जपून ठेवत होती, तिचे हातमोजे केवढे होते, हे इथे दिसते. मला हे काम पहिल्याइतकेच राजकीय वाटते.

मूळ लेखिकेचे उत्तर

हॅटींच्या कामांविषयी आपण लिहिलेत त्यासाठी मनापासून आभार. माझ्या पहिल्या लेखनातली हीच जागा रिकामी होती.

या दोन प्रवाहांना जोडणारा धागा मला १९७० च्या एका भेटीत दिसतो. सार आणि कलावंत डेव्हिड हॅमन्स शिकागोला एका परिषदेसाठी गेले असता त्यांनी फील्ड संग्रहालयातील आफ्रिका आणि ओशनिया येथील वस्तू पाहिल्या. तिथे एका आफ्रिकी प्रमुखाचा झगा होता आणि त्यावर जमातीतील माणसांच्या केसांचे झुबके लावलेले होते. अनेक माणसांचा थोडा थोडा अंश एका वस्तूत आला की तिच्यात शक्ती साठते, ही कल्पना सार यांनी तिथून घेतली. यानंतर ताईत आले, 'मोजो' म्हणजे मंतरलेल्या पुरचुंड्या आल्या, आणि १९७३ मध्ये 'म्टी' ही वेदी आली. पुढे प्रेक्षकांनी काही वेदींपुढे स्वतःच्या वस्तू ठेवल्या आणि त्याही कलाकृतीत सामील झाल्या. ऐंशीच्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत असताना त्यांनी 'मोजोटेक' ही वेदी रचली, तिच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या आणि ताईत शेजारीशेजारी आहेत. हॅटींचा हातमोजा आणि प्रमुखाच्या झग्यावरील केस यांच्यात सार यांच्या लेखी फरक नाही. दोन्हींमध्ये माणसाचा अंश आहे.

प्रतिसाद

वस्तू गोळा करणारे अनेक असतात. सापडलेल्या चार गोष्टी शेजारी चिकटवल्या की कलाकृती झाली, असा समज या माध्यमामुळे पसरतो. सार यांच्या कामात निवड आणि रचना नेमकी कुठे दिसते हे एखाद्या उदाहरणातून कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

१९९८ सालची 'आयल बेंड बट आय विल नॉट ब्रेक' पाहा. इस्त्रीची जुनी फळी, तिच्यावर साखळीने जखडलेली लोखंडी इस्त्री, आणि मागे दोरीवर लाकडी चिमट्यांनी वाळत घातलेली पांढरी चादर. एवढेच साहित्य. फळीच्या पृष्ठभागावर 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजाचा १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा छापला आहे, ज्यात माणसे मालासारखी खेटून निजवलेली दिसतात. त्याच पृष्ठभागावर इस्त्री करणारी काळी स्त्री आहे. इस्त्रीच्या फळीचा निमुळता आकार आणि जहाजाचा आकार एकमेकांवर तंतोतंत बसतो. हे साम्य शोधून काढणे ही त्या कामातील पहिली मोठी निवड.

दुसरी निवड चादरीत आहे. तिच्या कडेला पांढऱ्याच धाग्याने कू क्लक्स क्लान या पांढरे झगे घालून कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या वर्णद्वेषी संघटनेची आद्याक्षरे भरलेली आहेत. दुरून ती दिसत नाहीत. जवळ गेल्यावर ध्यानात येते की ही स्त्री ज्यांची चादर धुऊन, इस्त्री करून देते आहे ते रात्री हेच कापड पांघरून काय करत असतील. लाल अक्षरे वापरली असती तर सगळे क्षणात कळले असते आणि क्षणात संपलेही असते.

सार प्रवासात आणि घरी रेखाटनवह्या भरत. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयाने 'कॉल अँड रिस्पॉन्स' या प्रदर्शनात त्या वह्या पूर्ण झालेल्या कामांशेजारी ठेवल्या होत्या. वस्तू आधी सापडते, मग वहीत तिच्या जागा बदलून पाहिल्या जातात, आणि मधल्या काळात ती घरात पडून असते, हा क्रम त्यातून स्पष्ट होतो.

प्रतिसाद

सार यांना ओळख फार उशिरा मिळाली असे सगळीकडे लिहिलेले आढळते. गेटी संशोधन संस्थेने त्यांचे कागदपत्र घेतले २०१८ मध्ये, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधील मोठी प्रदर्शने २०१९ ची, जर्मनीचा वोल्फगांग हान पुरस्कार २०२० चा. नव्वदी ओलांडल्यावर हे सगळे यावे याचे वाईट वाटते.

मूळ लेखिकेचे उत्तर

वाईट वाटणे बरोबर आहे, पण 'उशिरा' हा शब्द मला पूर्ण पटत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन झाले होते. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या आणि असेम्ब्लाज सुरू करून दहा वर्षेही झाली नव्हती. कलाजगताने त्यांना वेळेवर पाहिले, आणि मग मोठ्या संस्थांनी कित्येक वर्षे नजर वळवली, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. मधल्या काळात विद्यापीठांची कलादालने, लहान संग्रहालये आणि कृष्णवर्णीय समाजाची कलाकेंद्रे यांनी त्यांचे काम दाखवत ठेवले. नव्वदच्या दशकात कपडे घासण्याच्या खाचांच्या फळ्यांवर त्यांनी जी मालिका केली, जिच्यात आंट जेमायमा पुन्हा शस्त्रे घेऊन परतली, ती याच काळातील आहे. त्या दरम्यान ॲलिसन आणि लेझली या दोन मुलीही कलावंत म्हणून नावारूपाला आल्या होत्या.

२०२३ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो येथील हंटिंग्टन या संग्रहालय आणि उद्यानासाठी 'ड्रिफ्टिंग टोवर्ड ट्वायलाइट' हे काम पूर्ण केले. सतरा फूट लांबीची जुनी होडी, तिच्यात सांबरशिंगे, पिंजरे आणि लहान मुलांच्या खुर्च्या, आणि भोवती त्याच उद्यानातून गोळा केलेल्या फांद्या. आयुष्यभर पेटीत काम केलेल्या स्त्रीने एवढी मोठी वस्तू हाताळली, तरीही रीत तीच आहे: होडी म्हणजे वरून उघडी पेटीच.

ज्यांना पाहायला सुरुवात करायची आहे त्यांनी 'ब्लॅक गर्ल्स विंडो', मग हॅटींची कामे आणि त्यानंतर आंट जेमायमा असा क्रम ठेवावा, अशी माझी विनंती आहे. त्या मुलीची खिडकी आधी पाहिली असेल तर बंदूक घेतलेल्या बाईच्या भोवती असलेली चौकटही नजरेत भरते, एरवी फक्त बंदूकच दिसते.